काकूंनी भरवलेली ओटी

"हाय का कुणी?" असं विचारायचं आणि कुणी ओ द्यायच्या आत थेट स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकायचं, ही आमच्या समोरच्या काकूंची रीत. तुमच्याही गल्लीत अशी एक काकू असेलच. भाजीत मीठ किती पडलं इथपासून नवऱ्याशी का बिनसलं इथपर्यंत तिला सगळं कळलेलं असतं, आणि तिच्यावर फार वेळ रागावताही येत नाही.

घाटनांदूरच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा थोरली रांगत होती. नवरा नोकरीला लातूरला, शनिवारी यायचा. बघता बघता काकूंनी पोर ताब्यात घेतली. मला त्या 'म्याडम' म्हणायच्या, पण अगं-तुगं करून. "अगं म्याडम, पोरं शिकीवतीस अन् तुला साधी दशमी येत न्हाई?" मी माझं सगळं त्यांना सांगत गेले. आईला सांगितलं नसतं तेही.

म्हणूनच दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवऱ्यानंतर त्यांनाच सांगितलं. थोरलीच्या बाळंतपणात मला झटके आले होते, मरता मरता वाचले होते. आम्हाला दुसरं नको होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायद्यानं करता येतं, लवकर ठरवा. अंबाजोगाईला जायचा दिवसही ठरला.

काकू बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "जीव हाय गं त्यो."

"आणि मी?"

"तू बी हायेस. पर तुला बोलता येतं. त्याला येत न्हाई."

"काकू, थोरलीनं मला मेलेलं बघायचं का?"

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. त्यांच्या तरुणपणी तपासणीत मुलगी दिसली म्हणून सासूनं दोनदा त्यांचं पोट पाडवलं होतं. "मला कुणी इचारलं न्हाई," एवढंच त्या सांगायच्या. त्या दिवशीही तेच म्हणाल्या. मला वाटलं, जिला कुणी विचारलं नाही, तिला माझं म्हणणं नक्की कळेल. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बरं. येते मी संगं. कुणाला न्हाई सांगत."

जायच्या आदल्या दिवशी शाळेतून आले, तर दारात चपलाच चपला. आत पाट मांडलेला, नारळ, तांदूळ, गल्लीतल्या सुवासिनी आणि नातवाच्या आशेनं गावाकडून धावत आलेल्या माझ्या सासूबाई. फोन काकूंनीच केला होता. "चोरओटी भरायची हाय," सासूबाई म्हणाल्या. चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, गुपचूप भरायची ओटी. इथं निम्मी गल्ली जमली होती. काकू विधवा, म्हणून त्यांनी ओटीला हात लावला नाही. दाराशी उभ्या राहून बायकांना जागा करून देत होत्या. पदरात नारळ पडला तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

आपला बीड जिल्हा तुम्हाला ठाऊक आहे. पहिली मुलगी असलेल्या बाईनं पोट पाडलं, की तपासणी करूनच पाडलं असं सगळे धरून चालतात. शाळेत 'मुलगी वाचवा'ची फेरी काढणारी मी, आता कोणत्या तोंडानं अंबाजोगाईला जाणार होते? सासूबाई मुक्कामालाच राहिल्या. नवरा फोनवर म्हणाला, "आता आईला कळलंय, राहू दे." तोही सुटला.

"का केलंत काकू?" मी विचारलं.

"तुला मागनं पटंल."

"तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तरी मला कुठं विचारलंत?"

काकू उठून घरी गेल्या.

बाळंतपणात पुन्हा झटके आले. वाचले, म्हणून हे लिहिते आहे. मुलगी झाली तशा सासूबाई गावी निघून गेल्या, आणि माझं सगळं काकूंनी केलं. शेक दिला, मेथीचे लाडू केले, रात्रीची जागरणं केली. मी त्यांच्या हातचं खात होते आणि त्यांच्याशी बोलत नव्हते.

धाकटी माझा जीव की प्राण आहे. तिच्याकडं बघून माझा राग जावा असं सगळ्यांना वाटतं. तो जात नाही. आज ती हवीहवीशी आहे, म्हणून तेव्हा मला फसवलं नव्हतं असं होत नाही. पुढं बोलणं सुरू झालं तेव्हा काकूंकडून मी एकच वचन घेतलं, की पोरीला यातलं काही कळता कामा नये. "तुझ्या गळ्याची आण," त्या म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. शेवटचं दवाखान्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "राग हाय का आजून?" मी म्हणाले, "आहे." त्यांनी माझा हात धरून ठेवला. मीही सोडवून घेतला नाही.

परवा धाकटीची वेणी घालत होते. ती म्हणाली, "आई, समोरची आजी म्हणायची, मी तिच्यामुळं जन्मले. तू नको म्हणत होतीस. खरं का?"

माझा हात थांबला. "कधी म्हणाली?"

"लई वेळा. मला झोपवताना."

पोरीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती रागावलेली नव्हती, तिला नुसतं उत्तर हवं होतं. मी वेणी तशीच सोडून रस्ता ओलांडला. निदान भांडायला तरी काकू हव्या होत्या. दाराला कुलूप होतं. मागून धाकटी आली, अर्धी वेणी सुटलेली, आणि माझा पदर ओढत म्हणाली, "सांग की गं आई."