हा माझा वळू नाही

नवीन माणूस भेटलं की आमच्या शेजारच्या बाई हात पुढे करायच्या, पण तो हात तुमच्या हातात यायचा नाही. तो तुमच्या बाहीवर जायचा. दोन बोटांत जाकिटाचं कापड धरून त्या आतलं अस्तर चाचपायच्या आणि मग तुमच्या तोंडाकडे बघायच्या. आम्ही सामान उतरवत होतो त्या दिवशी त्यांनी मला असं चाचपलं. ऑक्टोबर होता. म्हणाल्या, "हे जानेवारीत चालणार नाही." आणि निघून गेल्या. नाव विचारलं नाही, कुठून आलात तेही विचारलं नाही.

पडद्याआडून बघणारे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. या बाई पडद्याआडून बघत नसत. फाटकाला टेकून, रबरी बुटांत, सरळ बघायच्या.

आम्ही जर्मनीत, डार्मश्टाटच्या भाड्यांना कंटाळून फोगेल्सबेर्गच्या डोंगरात जुनं घर घेतलं होतं. नवरा घरूनच काम करतो. मी र्युसेल्सहाइमच्या एका फर्मसाठी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. आठवड्यातून दोनदा जाते, बाकी होमऑफिस. खाली मैदानात पाऊस पडत असला की आमच्याकडे बर्फ असतो. त्या बर्फात, आमच्या बागेच्या कुंपणापलीकडे, बाईंची काळी केसाळ गॅलोवे जातीची गुरं उघड्यावर उभी असायची. गोठा नाही, छप्पर नाही. वारा अडवायला एक दाट झुडपांची रांग, तेवढंच.

बाईंचा कशावरच विश्वास नव्हता. हवामानखात्यावर नव्हता, जनावरांच्या डॉक्टरवर नव्हता, गावच्या ब्युर्गरमाइस्टरवर, म्हणजे सरपंचावर, तर अजिबात नव्हता. कुणी काही सांगितलं की एकच शब्द : "आबवार्टेन." म्हणजे थांबा, बघू. मी नवीन खिडक्या बसवल्या तेव्हा आबवार्टेन. आमची मुलगी शाळेत रमली असं सांगितलं तेव्हाही आबवार्टेन.

आमच्यावर तर त्यांना खासच संशय होता. एकदा कुंपणाशी थांबवून त्यांनी विचारलं, तुम्ही लोक गाईची पूजा करता हे खरं का. मी म्हटलं, आमच्या घरात करतात. त्या म्हणाल्या, "मग आत्ताच सांगून ठेवते, फ्राउ नाखबारिन. ही गुरं खाण्यासाठी आहेत." फ्राउ नाखबारिन, म्हणजे शेजारीणबाई, हेच माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत ठेवलं. मला माहीत आहे, असं मी सांगितलं. तरी जाताना त्यांनी फाटकाची कडी दोनदा हलवून पाहिली. मी एखाद्या पहाटे येऊन सगळ्यांना मोकळं सोडीन, असं त्यांना वाटत असावं.

संशय आमच्याही बाजूने होताच. खाटकाची गाडी त्यांच्या अंगणात आली की नवरा खिडक्या लावून घ्यायचा. दिवाळीचा फराळ घेऊन गेले तर दारातच ताट हातात घेऊन त्यांनी ते नाकाशी नेलं, आणि मीही आत न जाता परत आले.

असं असताना एका फेब्रुवारीत त्या स्वतःहून आमच्या दारात आल्या. कळपासाठी नवा वळू बघायला उत्तरेला जायचं होतं आणि सोबत माणूस हवं होतं. मला एवढ्या माणसांत मीच का, हे कळेना. त्यांनी कारण सांगितलं. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. मला कुणीच ओळखत नाही, त्यामुळे विकणाऱ्याने मला आधीच फितवलेलं असण्याची शक्यता कमी. कमी म्हणाल्या, नाही असं म्हणाल्या नाहीत.

पहिल्या शेतावरचा वळू बघून मी थक्क झाले. शॅम्पूने धुतलेला, केस वाळवून फुलवलेले, गुडघाभर पेंढ्यात उभा. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आधी त्याची आई दाखवा म्हणाल्या. आई विकली, असं मालक म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि वळूला पेंढ्यातून बाहेर काढून सिमेंटवर चालवायला सांगितलं. मालकाची कुरबुर चालली होती. वळू चालला. मला तर डौलदारच वाटला. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, मागचा डावा पाय आखडून टाकतो, खुरात दुखतंय. त्या पेंढ्यात पायच झाकलेत आणि चरबीत बाकीचं सगळं.

दुसऱ्या शेतावर त्या न कळवताच गेल्या. तिथे चिखलात, वाऱ्याकडे पाठ करून दीड वर्षाचा एक गोऱ्हा सुकं गवत खात होता. अंगाला शेण लागलेलं, बरगड्या जेमतेम झाकलेल्या. शेजारीच त्याची आई, म्हातारी पण पायांनी सरळ. बाई कितीतरी वेळ दोघांकडे नुसत्या बघत राहिल्या. पुढे गेल्या तर गोऱ्हा दोन पावलं मागे सरला आणि तिथेच थांबला. हे त्यांना आवडलं. जो वळू माणसाला बघून पळतो तो नको, आणि जो अंगाशी येऊन चाटतो तो तर मुळीच नको, कारण त्याची भीड गेलेली असते आणि एक दिवस तो तुम्हाला कुंपणाशी चिरडतो. अंतर राखणारा हवा. परत येताना त्यांनी मला माणसांबद्दलही हेच ऐकवलं. गोऱ्हा आमच्या मागे ट्रेलरमध्ये होता.

त्यांनी त्याचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की दोष दिसायचे बंद होतात, म्हणायच्या. पहिला हिवाळा त्याने बाहेर काढला. दुसऱ्या हिवाळ्यात मी होमऑफिसच्या खिडकीतून रोज बघायचे, पाठीवर बर्फाची साय धरून तो रवंथ करत बसलेला असे. केस इतके दाट की आतली ऊब बर्फापर्यंत पोहोचतच नसे. त्याच वसंतात कुंपणाच्या तारेत अडकून त्याचा उजवा कान फाटला. तार कापायला मीच धावले होते. बाईंनी कानाला औषध लावलं, कान फाटका राहिला. मग त्याची पहिली वासरं झाली. लहानशी, बर्फात अर्ध्या तासात उभी राहणारी. मी अभिनंदन केलं तर, "आबवार्टेन."

त्याच वर्षी शरदात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले. बाबांचं लहानपण जत तालुक्यात खिलार बैलांमध्ये गेलेलं. पहिल्याच दिवशी कुंपणाशी उभं राहून त्यांनी निकाल दिला, "वशिंड नाही, शिंगं नाहीत, हा कसला वळू? अस्वल आहे." पण रोज सकाळी मफलर गुंडाळून ते त्याला बघायला जायचे. फाटकाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला बाई. बोलण्याची भाषा नव्हती. बाबा काठीने खुरांकडे दाखवायचे, बाई होकारार्थी किंवा नकारार्थी मान हलवायच्या.

आणि एका सकाळी फाटक उघडं सापडलं. वळू डांबरी रस्त्यावर उभा होता. शाळेच्या बसवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. बाई तडक आमच्या दारात आल्या. फाटक तुमच्या सासऱ्यांनी उघडलं, म्हणाल्या. गाईची पूजा करणारे लोक, पहिल्या दिवसापासून मला हीच भीती होती. मी बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "मी उघडलं नाही. उघडं दिसलं असतं तर लावलं असतं." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि फाटकाला कुलूप लावलं.

बाबा पुन्हा त्या रस्त्याने गेले नाहीत. उरलेले दिवस त्यांनी घरात टीव्हीसमोर काढले आणि तसेच परत गेले. मी बाईंशी बोलणं सोडलं. संशयी माणूस कधीतरी आपल्याही घरात हात घालणारच, तो त्याने घातला, असं मी नवऱ्याला म्हटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी त्या आमच्या बागेच्या बाजूने कुंपणाशी आल्या आणि मला खुणेने बोलावलं. जावं की नाही, असं वाटलं. पण त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. अशा थंडीत टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून गेले.

त्यांनी वळूकडे बोट दाखवलं. "हा माझा वळू नाही. त्यांनी बदललाय."

कोणी, म्हटलं. मुलाने, त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. मागच्या खेपेला तो ट्रेलर घेऊन आला होता, हे मीही पाहिलं होतं. कळप विकून टाक असं तो वर्षभर म्हणत होता, हेही मला माहीत होतं. खरं सांगते, माझा विश्वास बसला. चांगला वळू गुपचूप विकायचा आणि तसाच काळा दुसरा आणून सोडायचा, आईला काय कळतंय. मनातल्या मनात मी त्या मुलाला गुन्हेगार ठरवूनही टाकलं.

मग वळूने मान वळवली आणि उजवा कान दिसला. फाटका, त्याच जागी. कानातला पिवळा बिल्लाही तोच. 

"हाच आहे," मी म्हटलं. "हा कान तारेत फाटला होता. तार मी कापली होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुम्हालाही त्यांनी फितवलं?"

मी त्यांना घरी सोडलं. स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि वर काहीच नव्हतं. टेबलावर फाटकाच्या कुलपांच्या तीन नव्या किल्ल्या होत्या, तीन वेगवेगळ्या कुलपांच्या. त्यांच्या फोनवरून मी मुलाला फोन लावला, त्यांच्या देखत, कारण लपून केला असता तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. मुलाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, नाताळात आई म्हणत होती की कॉफीचं मशीन कुणीतरी बदललंय. आम्ही घरचे हसलो, तो म्हणाला. "मला वाटलं ती नेहमीसारखीच आहे."

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. दुसरं कुणी असं बोलू लागलं असतं तर गावाने पहिल्या आठवड्यात ओळखलं असतं. बाई आयुष्यभर संशय घेत आल्या होत्या, आणि त्या संशयावरच तो सुरेख कळप उभा होता. त्यातला शहाणपणाचा संशय कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, हे कुणालाच कळलं नाही.

बाबांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, वळूलाच ओळखत नाही? नाही, मी म्हटलं. मग ते म्हणाले, "तिला सांग, फाटक मीच उघडलं होतं. तेवढं तरी तिला नीट आठवतंय असं वाटू दे."

मी जाऊन तसं सांगितलं. बाई खुर्चीत ताठ झाल्या. "मला माहीत होतं," म्हणाल्या, आणि कितीतरी आठवड्यांनी त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कॉफी केली.

उन्हाळाभर मुलाने सुट्ट्या घेऊन रेटलं. गाई आणि वासरं एकेक करून गेली. शेवटी वळू उरला. तो गेला की आठवड्याभरात मुलगा बाईंना झिंडेलफिंगेनला आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार होता. नेलंही. आता त्यांच्या रानात कुणा दुसऱ्याचं गवत उभं असतं आणि माझ्या खिडकीसमोर हिवाळ्यात काहीच काळं दिसत नाही.

पण वळू विकला तो दिवस सांगते. गिऱ्हाईक म्हणजे उत्तरेकडची एक तरुण शेतकरीण होती. मुलाने वळूला दोर लावून अंगणात आणलं. धुतला नव्हता, केस फुलवले नव्हते, तेवढं मुलाला कळत होतं. आईला आत बसवून ठेवायचा त्याचा विचार होता, पण त्या बाहेर आल्या. त्यांना वाटलं कुणीतरी वळू दाखवायला आणलाय.

"चालवा त्याला," त्या म्हणाल्या.

मुलाने चालवला. बाई बाजूला सरकल्या, वाकून मागचे पाय बघितले, पुन्हा चालवायला लावला, वळताना खूर कसे पडतात ते पाहिलं.  इतक्या वर्षांत दोष न काढता त्यांनी कुठलंही जनावर सोडलेलं मला आठवत नव्हतं.

"कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "इथल्याच एका बाईंचा."

त्यांनी मान डोलावली. सगळे हिवाळे बाहेर ठेवलाय याला, म्हणाल्या, कुठे घाई केलेली दिसत नाही. मग त्या तरुणीकडे वळून, "घ्या. यात काही लपवलेलं नाही."

ट्रेलरचं दार लागलं. गाडी उताराला लागली, वळणापर्यंत गेली. मुलगा फाटकापर्यंत तिच्या मागे चालत गेला आणि तिथेच उभा राहिला. बाई माझ्या शेजारी होत्या, रस्त्याकडे बघत.

"ज्यांचा वळू, त्या बाई आल्या नाहीत का बघायला?" त्यांनी विचारलं.

नाही आल्या, मी म्हटलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मीही आले नसते."