तीन हिरव्या व्हॅलिअंट

सोमवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आर्लिस लिंडगार्डनं अकराव्या गाडीच्या काचेवर पिवळ्या रंगाची फुली मारली आणि फवाऱ्याचा डबा कानाशी हलवून पाहिला. अर्धा शिल्लक होता. रांगेत आता तीन गाड्या उरल्या होत्या. तिन्ही व्हॅलिअंट, तिन्ही एकोणसत्तर सालच्या, तिन्ही ट्रॅक्टरच्या हिरव्या रंगात रंगवलेल्या. त्यांतल्या दोघींवर फुली मारायची होती. तिसरी तिची.

तिसरी म्हणजे कुठली, ते तिला कळेना.

नॉर्थ डकोटातलं हे शेत तिच्या वडिलांचं, पामर ब्रेकींचं. जूनमध्ये ते विकलं गेलं. नवा मालक घराच्या उत्तरेला वारा अडवायला लावलेली झाडं काढून तिथे बीट लावणार होता, आणि त्या झाडांत उभ्या असलेल्या चौदा गाड्या हलवायचं काम जुन्या मालकांवर होतं. गाड्या चेपायचं यंत्र मंगळवारी येणार होतं. आर्लिस एकोणसत्तर वर्षांची, पंधरा मैलांवर टॉर्स्टन गावात एकटी राहणारी. तिच्या गॅरेजात रोजच्या गाडीशेजारी एकच गाडी मावत होती. ती न्यायला शेजारचा कर्टिस दुपारी दोनला ट्रेलर घेऊन येणार होता.

आपली व्हॅलिअंट तिनं सतराव्या वर्षी घेतली होती, वृद्धाश्रमाच्या भटारखान्यात दोन उन्हाळे काढून मिळवलेल्या पगारातून, शाळेतल्या संगीताच्या बाईंकडून. नंतर आयुष्यात आलेली प्रत्येक मोठी वस्तू कुणाच्या तरी सल्ल्यानं, कुणाच्या तरी सहीनं आली. घर सासूकडून आलं. पुढच्या सगळ्या गाड्या नवऱ्यानं पारखून घेतल्या. तो जाऊन आता चार वर्षं झाली होती. व्हॅलिअंटबद्दल तिनं कुणालाही विचारलं नव्हतं. तीच तिला हवी होती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नाही.

पामर ब्रेकी बंद पडलेली गाडी विकत नसत. या भागात कुणीच विकत नसे. बंद पडली की ती झाडांत जाई आणि तिथून सुटी होऊन परत येई, आधी आरसा, मग गिअर, मग दार. आर्लिसची गाडी चालती राहावी म्हणून त्यांनी दुसरी आणली, मग दुसरीसाठी तिसरी. ट्रॅक्टर रंगवून उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून तिघींनाही तोच हात फिरवला. तोवर आर्लिस लग्न करून मायनट शहरात गेली होती. नवऱ्याकडे पिकअप होता, म्हणून गाडी वडिलांकडेच राहिली.

साडेनऊच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ वेंडेल कॉफीचा थर्मास घेऊन आला. तो चौसष्ट वर्षांचा, धान्याच्या कोठारावरून नुकताच निवृत्त झालेला.

"झाल्या का फुल्या?"

"तीन राहिल्यात."

"मग मार की. नाहीतर आण तो डबा इकडे. मी मारतो डोळे मिटून."

"आधी माझी कुठली ते सांग."

वेंडेल हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "अगं, वर्षभर सगळ्या गावाला सांगत फिरतेस, माझी व्हॅलिअंट घरी आणणार म्हणून. आणि तुलाच माहीत नाही?"

"मला वाटलं, बघितली की कळेल."

"मग? बघितलीस ना?"

"तिघीही माझ्याच वाटतायत," आर्लिस म्हणाली. "आणि जरा वेळानं एकही वाटत नाही."

ती त्याला पहिल्या गाडीपाशी घेऊन गेली. उजव्या दारावर मुठीएवढा पोचा होता. "हा बघ. चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर. बर्फावरून घसरून मी सोलबर्गांच्या टपालपेटीच्या खांबावर गेले होते. हा पोचा मी ओळखते. म्हणजे ही माझी."

"दार तुझं," वेंडेल म्हणाला. "गाडी तुझी नाही. ते दार बाबांनी आणि मी इकडे बसवलं. मी होतो ना, बोट चेमटलं होतं माझं. हे बघ, नख अजून वाकडं आहे."

नख खरंच वाकडं होतं. आर्लिसनं खिशातली किल्ली काढून दाराचा हिरवा रंग खरवडला. खाली निळा निघाला. तिनं छपराचा रंग खरवडला. तिथे मळकट पांढरा होता.

"माझी निळी होती," ती म्हणाली.

"तुझी पांढरी होती."

"वेंडेल, मी चालवत होते ती गाडी!"

"आणि मी धूत होतो. दर शनिवारी, एका आइस्क्रीमवर."

तिला निळी गाडी लख्ख आठवत होती. पण पांढरी म्हटल्याबरोबर पांढरीही दिसायला लागली, संगीताच्या बाईंच्या अंगणात उभी, काचेवर पाचोळा. दोन्ही सारख्याच खऱ्या वाटत होत्या. तिनं किल्ली खिशात टाकली आणि ती दुसऱ्या गाडीकडे वळली.

दुसरीचं उजवं दार उघडून तिनं आतल्या सलग बाकाकडे बोट दाखवलं. बाक उजव्या बाजूला खोल बसला होता. डावी, म्हणजे चालकाची बाजू, जवळजवळ कोरी होती.

"आता यावर बोल."

यावर कुणीही गप्प बसलं असतं. अठराव्या वर्षी आर्लिस टपालखात्यात बदली कामगार म्हणून लागली होती. गावाबाहेरच्या वाटेवर टपाल वाटणारे आपापली गाडी वापरत. पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून माणूस उजवीकडे बसे, डावा हात लांब करून चाक धरी, डावा पाय पलीकडे टाकून ब्रेक दाबी आणि उजव्या हातानं खिडकीतून पत्रं टाकी. दिवसाला बासष्ट मैल, एकशे अठ्ठेचाळीस पेट्या. असा खड्डा दुसऱ्या कुठल्या कामानं पडत नाही.

"हे टपालाचं बूड आहे," आर्लिस म्हणाली. "शिक्षकाचं नाही, शेतकऱ्याचं नाही."

"टपालाचंच," वेंडेल म्हणाला. "आईचं."

"कुणाचं?"

"आईचं. तू मायनटला गेलीस आणि तुझी जागा तिनं घेतली. चार वर्षं केली बदली तिनं. ही दुसरी गाडी बाबांनी मुळात आणली तुझ्या गाडीच्या सुट्या भागांसाठी, पण निघाली चांगली, म्हणून आई ती वापरायची."

"आई? ती तर म्हणायची, कधीमधी पोस्टमास्तरला हातभार लावते."

"आई कधी काही केलं म्हणून सांगायची का? फ्यूनरलला दोनशे माणसांचं जेवण रांधलं, तरी म्हणायची, जरा कॉफी ठेवली होती."

आर्लिस उजवीकडून आत बसली. खड्डा तिला बरोबर बसला. पण तिची ठेवण आईसारखीच होती, सगळे तसंच म्हणत, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. तिनं डावा हात लांब करून चाक धरलं.

"रुस्ताडकाकांचा बटाटा," ती म्हणाली. "तो तरी माझा ना?"

ओली रुस्ताड म्हणजे वाटेवरच्या शेवटून तिसऱ्या पेटीचा म्हातारा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. जानेवारीत उणे तीस असलं की तो पेटीत फडक्यात गुंडाळलेला गरम बटाटा ठेवी, टपालवाल्याच्या हातांसाठी. आर्लिसनं ही गोष्ट मुलांना सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती, स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात माईकवरूनही सांगितली होती.

वेंडेल कॉफी ओतत राहिला.

"वेंडेल."

"मी काय सांगू? आम्ही ती गोष्ट आईच्या तोंडून ऐकली, जेवणाच्या टेबलावर. तू नाताळला आली होतीस, तेव्हाही तिनं सांगितली. तू हसत होतीस."

"मी हसत होते, कारण ती माझी गोष्ट होती. मला माहीत होती."

"असेल. त्यानं दोघींनाही दिला असेल. बटाट्यांना काय तोटा होता त्याच्याकडे?"

उजव्या तळहाताला तो बटाटा अजून आठवत होता, हातमोज्यातून लागणारा, भाजायच्या जरा अलीकडचा. पण आईनं इतकं नीट सांगितलं असेल, तर ऐकणाऱ्याच्या हातालाही तो तसाच लागला असता. विचारायला आता कुणी नव्हतं. आई नव्हती, बाबा नव्हते, रुस्ताड तर एक्याऐंशीतच गेला होता.

आर्लिसनं तोंडावरून हात फिरवला, पर्स उघडली आणि घडीचा कागद काढला. मालकीचा कागद, तिच्या माहेरच्या नावाचा. काचेतून दिसणाऱ्या डॅशबोर्डवरच्या पट्टीचा आकडा तिनं पहिल्या गाडीशी ताडून पाहिला. जुळला नाही. दुसरीशीही नाही. तिसरीशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. तिसरी म्हणजे नुसता सांगाडा. दारं नाहीत, बाक नाही, इंजिनाच्या जागी वाळलेली पानं.

"बघ, मिटलं," ती म्हणाली, पण आवाजात सुटका नव्हती. या गाडीत तिला एकही गोष्ट ओळखीची वाटत नव्हती.

वेंडेलनं टोपी मागे सारली. "सांगावं की नाही, कळत नाही."

"सांग."

"डॅशबोर्ड तडकला होता तुझ्या गाडीचा. बाबांनी दोघींच्या डॅशबोर्डांची अदलाबदल केली. आकड्याची पट्टी त्यावरच असते, ती सोबत गेली. मी म्हटलं, बाबा, हा गुन्हा आहे. तर म्हणाले, दोन्ही माझ्याच अंगणात आहेत ना, मग गुन्हा कुणाविरुद्ध?"

"कुठल्या दोघींची?"

वेंडेलनं पहिलीकडे पाहिलं, मग मधलीकडे, मग परत पहिलीकडे. "तेच आता नक्की सांगता येत नाही."

दोनला दहा मिनिटं असताना कर्टिस आला. लहानपणी त्याच्या घरचं टपाल आर्लिसच टाकत असे. "कुठली चढवायची, आर्लिस? लवकर सांगा बरं का. चारला मला बीटच्या ट्रकवर हजर व्हायचंय."

"दहा मिनिटं दे," आर्लिस म्हणाली. "वेंडेल, पाना आण."

तिचा बेत वडिलांच्याच पद्धतीचा होता. पोच्याचं दार काढायचं, खड्ड्याचा बाक काढायचा, दोन्ही तिसऱ्या, कागदावरच्या सांगाड्यावर चढवायची. मग त्या गाडीत तिचं जे काही असेल ते एका जागी आलं असतं. दार निघालं. बिजागरीचे स्क्रू कुरकुरत, पण एकामागून एक सुटले. बाकाचे मात्र चारही बोल्ट गाडीच्या तळाशी गंजून एकजीव झाले होते. पहिला तुटला. दुसऱ्याचं डोकं गोल झालं. वेंडेल तिसऱ्यावर हातोडा घालून पाना फिरवायला लागला, तेव्हा पाना निसटला आणि त्याचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं.

"झालं," तो म्हणाला. "आता हे कोपर तरी माझंच आहे, याची खात्री पटली."

आर्लिस हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. "आईची चढव," ती कर्टिसला म्हणाली.

"आईची म्हणजे?"

"मधली. बाक निघत नाहीये, तर बाकासकट ने. दार मागच्या सीटवर टाक."

"मग तुझी?" वेंडेलनं विचारलं.

"मला कळत नाही रे. तुला कळतंय?"

"नाही."

"मग जे निघत नाही ते ठेवते."

कर्टिसनं साखळी अडकवली. मधली व्हॅलिअंट दोन चाकं फिरवत आणि दोन घासत ट्रेलरवर गेली. आर्लिसनं डबा हलवला आणि पहिल्या गाडीवर फुली मारली. तिसऱ्या गाडीला काच होती, आणि काचेखाली तिच्या नावाच्या कागदाचा आकडा. तिथे ती जरा वेळ उभी राहिली. मग तिथेही फुली मारली.

"आणि हा कागद?" तिनं विचारलं. "हा आता कुठल्या गाडीचा?"

"गॅरेजात उभी राहील तिचा. विचारतंय कोण?"

"मी विचारतेय."

 वेंडेलनं थर्मासचं झाकण लावलं. आर्लिसनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, परत काढून आकडा एकदा वाचला आणि परत ठेवली.

यंत्रवाल्यांनी कळवलं आहे, मंगळवारी साडेआठला रस्त्याकडच्या टोकापासून सुरुवात, एका गाडीला चार मिनिटं. गाड्या तेरा. नऊ वाजून बावीस मिनिटांनी काम संपेल.