पाय धुण्याआधी

धुण्याआधी त्यांनी माझ्या आईचे पाय पुसून घेतले.

गुडगावातल्या आमच्या ऑफिसची मोठी कॉन्फरन्स रूम. गुड फ्रायडेच्या आधीचा गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आम्हा ख्रिस्ती लोकांत या दिवशी मोठ्याने लहानाचे पाय धुवायचे असतात. मधोमध खुर्ची, खुर्चीत माझी आई. समोर पितळी घंगाळ, कोमट पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. आमचे डायरेक्टर, म्हणजे सर, बाह्या दुमडून, कमरेला पांढरा टॉवेल गुंडाळून तयार. फोटोवालाही तयार.

आईने सँडल काढल्या. सरांनी तिच्या टाचा बघितल्या आणि मग मॅडमकडे, आपल्या बायकोकडे, बघितलं. मॅडमनी दाराशी उभ्या असलेल्या हाउसकीपिंगच्या बाईला खुणेने बोलावलं. वेट वाइप्सचं पाकीट तिच्या हातात दिलं.

"ज़रा पहले साफ कर दो."

ती बाई गुडघ्यावर बसली आणि पुसायला लागली. टाचा, भेगा, बोटांच्या बेचक्या. आई पाय मागे घेत होती, मी करते ना, इकडे द्या, असं हिंदीत पुटपुटत होती. कोणी ऐकलं नाही. सर हात जोडून, डोळे मिटून उभे. प्रार्थना चालली होती म्हणे त्यांची.

आता हे सर कोण, ते सांगते. पुण्याचे. जुनं ख्रिस्ती घराणं. पणजोबा मोठे शास्त्री होते, सगळं सोडून ख्रिस्ताकडे आले, हे सर चहाच्या पहिल्या घोटालाच सांगतात. माझे पणजोबाही ख्रिस्ताकडे आले. नगरकडच्या महारवाड्यातून. सर तेही सांगतात, पण आवाज बदलतो. त्यांच्या पणजोबांनी त्याग केला आणि माझ्या पणजोबांचा उद्धार झाला. दोघांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी तेच पडलं होतं ना? पण नाही.

खोटं कशाला बोलू, त्या माणसाने मला शिकवलंही. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात प्रार्थना. कोणी बघत नसताना काम कसं करावं, हाताखालच्या माणसाशी कसं बोलावं, संकटात तोंड कडू होऊ न देता कसं टिकावं. मी नवी होते, घाबरलेली होते, मला ते लागत होतं. आजही त्यातलं बरंच मला खरं वाटतं. राग त्याचाच जास्त येतो.

मग एका गुरुवारी ते म्हणाले, ऊठ बेटा, साक्ष दे. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मी सांगितलं. वडील लवकर गेले. आई दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात सफाईला होती, वॉर्डमधले बेडपॅन उचलायची. मी जिन्यात बसून अभ्यास करायची. सांगताना रडले. सगळे रडले. घरी जाताना हलकं हलकं वाटलं होतं मला.

पण मग दर नव्या क्लायंटसमोर, दर पाहुण्यासमोर तेच. ऊठ बेटा. हळूहळू ती साक्ष मला पाठच झाली. कुठे थांबलं की लोक रुमाल काढतात, तेही कळायला लागलं. एकदा मी आईचं काम गाळलं. सर हसत हसत म्हणाले, "आणि आई काय करायची, ते सांग ना." सांगितलं. माझी लाज वाटली मला. आईची नाही, माझी.

यंदा टीम हेडची जागा रिकामी झाली. काम मीच बघत होते, नाव तेवढं लागायचं होतं. सर म्हणाले, त्या गुरुवारी आईंना घेऊन ये, मी त्यांचे पाय धुईन आणि लगेच तुझं नाव जाहीर करीन. मॅडमनी आदल्या दिवशी फोन केला. आईंचे पाय स्वच्छ धुऊन आणा हं.

सकाळी दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई कितीतरी वेळ बाथरूममध्ये होती. वजरीने टाचा घासत होती. जन्मभर फिनेलच्या पाण्यात राहिलेले पाय. त्या भेगांतला काळा रंग मळ नव्हेच, तो जाणार कसा? टाच घासून घासून लाल झाली. मी बघितलं आणि तिला थांबवलं नाही. मला ती जागा हवी होती.

आणि आता ती बाई तोच रंग पुसत होती. एक वाइप संपला, तिने दुसरा काढला. सर थांबलेच होते. पाय त्यांना हवे तसे झाले की मग ते नम्र होणार.

मी पुढे झाले. खाली बसले. आईच्या पायात सँडल घातल्या. पट्टा लावला.

"सर, पाय धुऊन झाले," मी म्हणाले. "ज्यांनी धुतले, त्यांचा फोटो काढा."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. ती बाई वाइप्स मुठीत दाबून दाराकडे गेली. तिचं नाव मला माहीत नव्हतं. रोज माझ्या टेबलाखालचा कचरा ती उचलायची, आणि हाताखालच्या माणसाशी कसं बोलावं हे मी दर गुरुवारी ऐकत होते.

मेट्रोत द्वारका आलं तेव्हा आई म्हणाली, "मी बसले असते गं. तुझं काम झालं असतं." घरी पोचल्यावर पुन्हा म्हणाली, "माझे पाय सगळ्यांनी बघितलेच ना शेवटी. तू ओरडलीस म्हणून जास्त बघितले." मी ओरडले नव्हते. पण तिला तसं ऐकू आलं. तेव्हापासून ती घरातही मोजे घालते. दिल्लीच्या या उन्हाळ्यात.

जागा दुसऱ्याला मिळाली. सरांनी केबिनमध्ये बोलावून मला मनापासून क्षमा केल्याचं सांगितलं. क्षमा त्यांनी केली, मला! म्हणाले, अहंकार सोड, येत्या गुरुवारी उभी राहा, देवाने तुला कसं नम्र केलं त्याची साक्ष दे. पुढचं मी बघतो.

मी हो म्हणाले.

प्रार्थना मी सोडलेली नाही. सोडणारही नाही. येशू काही सरांच्या केबिनमध्ये ठेवलेला नाही की त्यांच्याकडून मागून घ्यावा. गुरुवारी मी जाणार आहे. आईला नेणार नाही. तिची गोष्ट आता तिची, ती माझ्या तोंडून पुन्हा कोणी ऐकणार नाही, बेडपॅनचं तर नाहीच. हाउसकीपिंगच्या त्या बाईचं नाव मी विचारून घेतलंय. तिला विचारूनच साक्षीत ते नाव घेणार आहे.

सर म्हणतील, ऊठ बेटा. मी उठेन. आणि सुरुवात इथूनच करीन, की धुण्याआधी तुम्ही पाय पुसून घेतलेत.