रुख्माची जागा

दिवेलागणीला गिनतीवाली हातातलं लाटणं ठेवायची आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकून उकिडवी बसायची. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

दिग्रसला माझी खानावळ आहे. तुरुंगातून सुटलेल्या बायकांना काम मिळवून देणाऱ्या एका कार्यकर्तीनं तिला आणलं. हात स्वच्छ, पोळ्या उत्तम. मी ठेवून घेतली. आत असताना संध्याकाळी बायकांना जोडीजोडीनं बसवून मोजत. हिची जोडीदार रुख्मा आजारपणात आतच वारली होती.

"मोजा ना ताई," ती म्हणायची.

"एक."

"दोन," ती शांतपणे दुरुस्त करायची.

कामाच्या पोरी हसायच्या, तिला गिनतीवाली म्हणायच्या. "रुख्मामावशीले पोळी वाढू काय वं?"

"तिले भूक नाही लागत. जागा तेवढी सोडा."

आमचं मांजर तिथं कधी बसलं नाही.

सुटल्यापासून ती मोहाची दारू प्यायची. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी डबीवर वेळ लिहून ती फळीवर ठेवली. दारू सुटली, झोप लागू लागली. कापूस निघेपर्यंत बरं चाललं. मग एका सकाळी ती दारूच्या भट्टीवरून झोकांड्या खात आली. गोळ्या तिनं चुलीत टाकल्या होत्या.

"काहून वं?"

"गोळी खाल्ली का रुख्मा येत नाही. दारू पेली का येते. एकटी कुठं जाईन थे?"

समजावण्यात अर्थ नव्हता. मी कामाचं बोलले. "तू गोळी खाय. तुले दिसो का ना दिसो, रोज दोन मोजायचं माझ्याकडं लागलं."

"सुट्टी नाही घ्याची."

"नाही."

तेव्हापासून आधी गोळी, मग मोजणी. पुढे मुलीनं तिला मारेगावला नेलं. निघताना ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "थे इथंच राह्यतो म्हणते. तुमी मोजत जा." रोज संध्याकाळी फोन यायचा. मोजलं का? मोजलं. गोळी? घेतली. एवढंच.

परवा डब्यांच्या गडबडीत मोजायचं राहिलं. फोन आला तेव्हा सवयीनं मी "मोजलं" म्हणून गेले.

पलीकडून हलक्या आवाजात, "नाही ताई. रुख्मा इथं आली हाय."

"गोळी घेतली?"

पलीकडे पेला वाजला.

फोन कानाला तसाच धरून मी मागच्या अंगणात गेले. मांजर भिंतीपासून हातभर लांब, तिकडेच टक लावून बसलं होतं.

"एक," मी म्हणाले. "दोन."

पलीकडे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "गेली," ती म्हणाली. "घेतली गोळी."

मी त्या जागेला वळसा घालून आत आले.