आत्यांना घाबरं व्हायचं

आमच्या आत्या कशालाच भ्यायच्या नाहीत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. गावी करकंबच्या मळ्यात उसाचं पाचट गोळा करताना समोर नाग निघाला, तर त्याला म्हणाल्या होत्या म्हणे, "सरक की बाजूला, मला काम हाय." नाग सरकला की नाही ते कुणी सांगत नाही, आत्या सरकल्या नाहीत, हे सगळं गाव सांगतं.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना जुळे सोलापुरात फ्लॅटवर आणलं. आल्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांचं. माझी भाकरी बघून म्हणायच्या, "पोरी, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?" राग यायचा आणि हसूही यायचं, कारण नकाशा खरंच दिसायचा. अशाच एका सकाळी पीठ मळता मळता त्या थांबल्या, ओटा धरून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "घाबरं घाबरं हुतंय गं."

श्वास पुरेनासा झाला की आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तरी आत्यांच्या तोंडी तो शब्द ऐकून मी आधी दाराकडं बघितलं, कोण आलं म्हणून.

डॉक्टर तरुण, बाहेरगावचा. त्यानं विचारलं, कशाची भीती वाटते आजी? आत्यांचा पाराच चढला. मला भ्या दाखवणारा अजून जन्माला यायचाय, म्हणाल्या. मी मध्ये पडून श्वासाचं सांगितलं. ईसीजीची पट्टी निघाली, छातीचा फोटो निघाला, सगळं ठीक. मग त्यानं घरात कोण कोण असतं, सुनेशी पटतं का, असं विचारलं आणि माझ्याकडं बघितलं. टेन्शन आहे म्हणाला. गोळ्या लिहून दिल्या.

झालं. घरात दुसरी सून नव्हती, म्हणजे टेन्शन मीच. शेजारीण म्हणाली, गॅलरीतल्या कबुतरांनी होतं. ह्यांनी माझ्या फोडणीवर ठपका ठेवला. नणंदेनं फोनवर सरळ सांगितलं, मोकळ्या रानातलं माणूस तुम्ही डब्यात कोंडलंय. मी उदबत्ती बंद केली, शेंगाचटणीच्या मिरच्या गच्चीवर नेऊन भाजल्या, खिडक्या उघडल्या तर धूळ, लावल्या तर उकाडा. आत्या मात्र एखाद्या दिवशी दोन जिने गप्पा मारत चढायच्या आणि दुसऱ्या दिवशी नुसतं टीव्हीसमोर बसून धापा टाकायच्या. ह्याचा मेळ कसा लावायचा? माझं डोकं चालेनासं झालं होतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, गावाकडं जाऊन बघते. मी त्यांची पिशवी भरली तेव्हा सगळी इमारत बघत होती, असं मला वाटलं. रिक्षात बसताना त्या भाकरीबद्दल काहीतरी बोलल्या, पण मला हसू आलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. एकेक शब्द बोलून त्या थांबत होत्या.

"पोरी, हितंबी तसंच हुतंय. तुज्या घराचं न्हवतं गं ते."

खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच उमगलं, घराचं नव्हतं म्हणजे दुखणं त्यांच्या अंगातलंच होतं, आणि आम्ही ते नुसतं उदबत्तीत नि कबुतरांत शोधत बसलो. ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आम्ही करकंबला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

कशानं गेल्या, ते आजही नक्की कळलेलं नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, रक्त कमी असेल, हृदय असेल, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल. तपासायला हवं होतं. काय काय असू शकतं ह्याची मला आता चांगली माहिती आहे, आणि तिचा उपयोग शून्य.

दहाव्याला बायका कुजबुजत होत्या. फ्लॅट, कोंडलेली हवा, सून. मी खाली मान घालून बसले होते. नणंद उठून माझ्याकडं आली, तेव्हा आता सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागणार, अशी मी मनाची तयारी केली. ती माझ्याजवळ टेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वैनी, आईनं मलाबी फोन केलता. दम खात खात येवडंच बोलली, 'माजं काय झालं तर पोरीला बोल लावू नगस.'"