तीनच्या शिफ्टची सोयरीक

आमच्या भागात पोरगा पाहायले आता कोणी घरी येत नाही. घरी कोणताही पोरगा चांगलाच दिसते. इस्त्रीचा शर्ट घातला, मान खाली घातली, की झालं. खरा पोरगा पाहायचा असन तर कळमेश्वरच्या एमआयडीसीत जा लागते, पत्र्याच्या कंपनीच्या गेटासमोर, दुपारी तीन वाजता. तेव्हा पहिली शिफ्ट सुटते.

गेटासमोर चहाची टपरी आहे. तिथली मावशी पोरीचा बाप लांबून ओळखते. जो माणूस चहा हातात धरून गेटाकडे पाहत राहते अन् चहावर साय आली तरी घोट घेत नाही, तो पोरीवाला. त्याले ती न मागता पोह्याची प्लेट देते. कोणी नाही म्हणत नाही, कारण कोणता पोट्टा तंबाखूचा खर्रा खाते अन् कोणता उधार खाते, हे तिच्याशिवाय कोणाले माहीत नसते.

तर बाप पाहते काय, पोराचं डोकं. डोक्यात काय आहे ते नाही, डोक्यावर काय आहे ते. पांढरं हेल्मेट साहेबाचं. साहेब लोक नागपूरच्या धरमपेठेतून कारनं येतात अन् काच खाली करत नाहीत. त्यायच्या सोयरिकी कुठं जुळतात देव जाणे, गेटावर त नाही जुळत. पिवळं हेल्मेट परमनंटचं. निळं ठेकेदारीचं. दोघायचे कपडे एकाच राखाडी रंगाचे, मशीन एकच, पत्र्यानं बोट कापलं तर रक्तही सारखंच निघते. पण पिवळ्याले बोनस, दरसाल नवे शूज अन् बायको भेटते. निळ्याले हजेरी भेटते. पोट्टे तेच हेल्मेट घालून गाडीवर घरी जातात, त्यामुळे रंग गावापर्यंत पोचते. पहिले लोक पत्रिकेत छत्तीस गुण पाहत होते, आता तीन रंगांत काम भागते. विज्ञानानं प्रगती केली ती ही.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याले दादा म्हणतो, सहा वर्षांपासून निळा होता. वय एकतीस. त्याच्या तीन सोयरिकी मावशीच्या पोह्यावरच मोडल्या. दादा घरी आल्यावर हेल्मेट दारामागे उलटं टांगत होता, जसं काही ते दुसऱ्याचंच आहे. आई म्हणे, पस्तिशी गाठली की मग पोरीवाले गेटावरही येत नाहीत.

मी नागपूरच्या लग्नांत माईक धरतो. नवरदेवाच्या मामापासून तर हॉलच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यायचे आवाज काढतो अन् त्याचे पैसे घेतो. कोणी विचारलं की लहाना काय करते, तर बाबा म्हणतात, "तो आवाज काढते." बाबाच्या तोंडून ते एखाद्या आजारासारखं वाटते. म्हणून चौथ्या वेळी पोरीवाले येणार असं कळलं तेव्हा मी म्हटलं, आता माझी अक्कल चालवू द्या. अक्कल अशी होती की एका दिवसापुरतं दादाले पिवळं हेल्मेट घालायचं.

पिवळं हेल्मेट आणायचं कुठून, हा प्रश्नच नव्हता. दादाच्या मशीनवरचा मोठा ऑपरेटर आमच्याच गावचा. आम्ही दोघं त्याले काका म्हणतो. बाबा मात्र अजून त्याले 'आमच्या सालदाराचा पोट्टा' म्हणतात. हा पोट्टा बावन्न वर्षांचा आहे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. काकाचे वडील आमच्या शेतात तसे राबत होते.

कंपनी नवीन आली तेव्हा तिचे लोक गावात माणसं मागायले आले होते. आमचे आजोबा म्हणाले, आमच्या घरचा माणूस दुसऱ्याच्या दारात हजेरी लावणार नाही. पण आलेल्यायले रिकामं पाठवणं बरं नाही, म्हणून मोठ्या मनानं म्हणाले, "लेबरच लागते ना, आमच्या सालदाराचा पोट्टा घेऊन जा." बाबा तेव्हा तिथंच उभे होते. त्यायले ते अजून आठवते, पण ते विषय काढत नाहीत.

सालदाराचा पोट्टा गेला अन् परमनंट झाला. आज त्याचा नागपुरात जरीपटक्यात दोन खोल्यायचा फ्लॅट आहे, पोरगा पुण्यात इंजिनिअर आहे. अन् आम्ही आजोबायची इज्जत वाचवली, म्हणून दादा त्याच कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली निळा. काका मात्र बाबाले अजून 'मालक' म्हणते. दादाले 'छोटे मालक'. कंपनीत त्याचा आवाज मशीनवरून असा येते, "छोटे मालक, अकलेनं काम करा, ते बटन दाबलं त हात जाईन." ही नक्कल माझी लय चालते. दादासमोर मी करत नाही.

काकाले विचारलं तर तो लगेच तयार झाला. उलट आमच्यापेक्षा दोन पावलं पुढं गेला. म्हणे, "नुसत्या हेल्मेटानं भागत नाही. पोरीवाले आता शूज पाहतात. परमनंटचे शूज नवे राहतात." म्हणजे शूजही बदलायचे. काकाचा पाय दहा नंबर, दादाचा आठ. त्याच्यावर कोणी विचार केला नाही.

त्या दिवशी बाबा अन् मी अडीच वाजताच टपरीवर जाऊन बसलो. पोरीचा बाप गाडीवर आला. गळ्यात दुपट्टा, खिशात दोन पेन. चहा घेतला अन् गेटाकडे पाहत बसला. मावशीनं चार प्लेट पोहे ठेवले, चौथी दादाची.

"शेती किती म्हणले तुमची?" त्यानं बाबाले विचारलं.

"पाच एकर. संत्रा हाय."

"असू द्या," पोरीचा बाप म्हणाला, जसं काही बाबानं एखादा दोष कबूल केला. "माही पण बारा एकर हाय. पोरीले नाही सांगत मी शेतीवाल्याचं. पोरगा कंपनीत हाय ना, बस."

तीन वाजले. शिफ्ट सुटली. दादा मोठ्या गेटातून निघाला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात काकाचे नवे कोरे शूज. दोन नंबर मोठे असल्यामुळं तो बदकासारखा पाय टाकत येऊन राहिला होता. पोरीच्या बापानं वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् चहाचा पहिला घोट घेतला. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी वर आभाळाकडे पाहिलं.

"चालणं जड हाय पोराचं," पोरीचा बाप म्हणाला.

"जबाबदारीचं काम हाय," मी म्हटलं.

दादा येऊन बसला. पोरीच्या बापानं दोन प्रश्न विचारले, दादानं दोन उत्तरं दिली, सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात बाजूच्या छोट्या गेटातून, जिथून भंगाराचा ट्रक अन् ठेकेदारीची माणसं निघतात, काका निघाला. डोक्यावर दादाचं निळं हेल्मेट, पायात दादाचे फाटके शूज, ते लहान पडल्यामुळं लंगडत. त्यानं सरळ बसस्टॉपकडे जायचं ठरलं होतं. पण टपरीवर बाबा दिसले अन् जलमाची सवय, रामराम केल्याशिवाय पुढं जाता येईना.

"रामराम, मालक."

बाबानं मान हलवली. बाकावर जागा होती, पण काका बसला नाही. तो बाबासमोर कधीच बसत नाही. उभाच राहिला, एक पाय उचलून.

पोरीच्या बापानं निळं हेल्मेट पाहिलं, फाटके शूज पाहिले, पिकलेल्या मिशा पाहिल्या. त्याले खरंच वाईट वाटलं.

"या वयात ठेकेदारीत राबता?"

काकानं दादाकडे पाहिलं. "हो जी," म्हणाला.

"अन् हा पोरगा कसा हाय कामाले? तुमच्यावर साहेबी करत असन."

"नाही जी. लय शांत पोरगा हाय. मशीन त्याच्या हातात देऊन माणूस निश्चिंत जेवायले जाऊ शकते." हे काकानं नाटक म्हणून नाही सांगितलं. ते खरंच होतं, फक्त वरिष्ठानं सांगायचं ते त्याले खालून सांगावं लागून राहिलं होतं.

पोरीचा बाप खूश झाला. खूश झाला की माणूस उदार होते. म्हणाला, "एक सांगतो. मी सालदार पाहून राहिलो. आजकाल भेटत नाही, सगळे कंपनीत पळाले. इथून काढलं त माह्याकडं या. राहाले खोली देतो, ज्वारी देतो. बसून खायचं वय हाय तुमचं, जड काम नाही सांगणार."

तीस वर्षं कंपनीत काढलेला, जरीपटक्यात फ्लॅट असलेला माणूस निळं हेल्मेट घालून उभा होता. त्याचा बाप ज्या कामात म्हातारा झाला, तेच काम त्याले दान म्हणून भेटून राहिलं होतं. काका हसला. "बरं मालक," म्हणाला.

बाबाचा चेहरा बदलला. मी इतकी वर्षं आवाज पकडतो, तर चेहरेही कळतात. बाबाले काकाचा अपमान लागला नव्हता. त्यायले एवढंच लागलं की आपला 'मालक' आपल्यासमोर दुसऱ्याले दिला गेला.

दादा उठला. दोन पावलं बदकासारखा चालला, मग वैतागून पुन्हा बाकावर बसला अन् शूजच्या लेसा सोडू लागला.

"काका, शूज काढा," म्हणाला.

"छोटे मालक, राहू द्या."

"काढा म्हटलं."

मग दादानं काकाचा हात धरून त्याले बाकावर बसवलं, बाबाच्या बाजूलेच. दोघायनं समोरासमोर शूज बदलले. कोणाचा मोजा कोणाकडे गेला त्याच्यात एक मिनिट गेलं. शेवटी दादानं पिवळं हेल्मेट काढून काकाच्या डोक्यावर ठेवलं अन् निळं आपल्या डोक्यावर घातलं. पोरीचा बाप पोह्याचा चमचा तोंडापाशी धरून पाहून राहिला होता.

"हे परमनंट हायत," दादा म्हणाला. "माह्या मशीनचे मोठे ऑपरेटर. मी ठेकेदारीत हाओ. सहा वर्षं झाले. दरसाल नवा कागद होते."

"दरसाल?" पोरीचा बाप म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे सालदार."

"हो," दादा म्हणाला. "तसंच समजा."

बाबा खाली पाहून राहिले. मले एखादा जोक मारून वेळ काढावा वाटलं. लग्नात लाईट गेली की मी तेच करतो. पण जोक आला नाही.

पोरीचा बाप मात्र व्यवहारी माणूस. त्यानं दादाकडून नजर काढली अन् काकाकडे वळवली. आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही परमनंट? अन् पोरगा हाय का तुम्हाले?"

"हाय जी. पुण्याले इंजिनिअर हाय."

"लग्न?"

"नाही अजून."

पोरीचा बाप थोडा जवळ सरकला. "आडनाव काय म्हणले तुम्ही?"

काकानं म्हटलं नव्हतं. आता सांगितलं.

पोरीच्या बापानं चहाचा कप उचलला अन् उरलेला थंड चहा सायीसकट एका दमात पिऊन टाकला. मी लग्नांत लय प्रकारचे हिशोबी चेहरे पाहतो, पण असा नाही पाहिला. एका पारड्यात पिवळं हेल्मेट अन् पुण्याचा इंजिनिअर, दुसऱ्या पारड्यात एक आडनाव. आडनाव जड निघालं. कंपनीनं सगळं बदललं, पण आडनाव हलकं करायचं तेवढं एक मशीन तिले अजून आणता आलं नाही.

"कळवतो," म्हणाला अन् गाडीले किक मारली. कोणाले कळवतो ते काही कळलं नाही.

काका हेल्मेट नीट करत उठला. "माह्यामुळं मोडली, मालक," म्हणाला. मावशी म्हणे, "मोडली नाही गा. ते जुळलीच कुठं होती." पैसे तिनं चारही प्लेटचे घेतले.

दहा दिवसांनी फोन आला. मी उचलला. पोरीचा बाप होता.

"तो निळ्या हेल्मेटचा पोरगा अजून मोकळा हाय का?"

मी म्हटलं हाय, अन् फोन स्पीकरवर टाकला. आई, बाबा, दादा, सगळे भोवती जमले. तो माणूस सांगू लागला. मधात दोन जागा पाहिल्या होत्या. एक त्याच्यासारखाच बारा एकरवाला. पोरगी म्हणते, शेणामातीत जाणार नाही, आयुष्यभर तुमचं पाहिलं तेवढं बस झालं. दुसरा खराखुरा पिवळा. पण पिवळ्यायचे भाव आता एवढे वाढले की त्याले नोकरीवाली, इंग्रजी बोलणारी पाहिजे. "तर मी पोरीले त्या दिवसाचं सगळं सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, असा असा झाला तमाशा. त ती म्हणते, त्या शूज बदलणाऱ्याले विचारा."

दादानं फोन हातात घेतला. मले वाटलं, आता त हो म्हणून मोकळा होईन. पण एकदा खरं बोलायची सवय लागली की माणूस बिघडते.

"एक सांगून देतो," दादा म्हणाला. "दर मे महिन्यात आमाले एक महिना घरी बसवतात. मग जूनमध्ये नवा माणूस दाखवून परत घेतात. तो महिना पगार नाही. पहिलेच सांगतो, मंग म्हणू नका."

आईनं कपाळाले हात लावला. मग फोनमधून मागचा, जरा लांबचा, एका पोरीचा आवाज आला.

"मंग लग्न मे महिन्यातच धरा ना बाबा. एरवी सुट्टी कोण देते त्यायले?"

"अवं, मे मध्ये केवढं ऊन राहते," पोरीचा बाप म्हणाला.

"ऊन त शेतातही राहते," ती म्हणाली. "विचारा त्यायले, महिन्याची कोणती तारीख धरून बसवतात ते."

दादानं तारीख सांगितली.