आबा गडहिंग्लजला गेले की आम्ही जिंकायचो

मी मूळचाच संशयी. रिक्षाचं मीटर, दुधातलं पाणी, शेजाऱ्याचं उगाच गोड बोलणं, यातलं काहीच मी सरळ घेत नाही. फुटबॉलच्या बाबतीत आमच्या पेठेत याला कुणी दोष मानत नाही. मॅच हरली की आमच्याकडं आधी "आज कोण आलतं रे?" असं विचारतात. कोण कसं खेळलं ते नंतर.

इंग्लंडची लीग आमच्या घरात माझ्यामुळं शिरली. तिथला एक संघ मी आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपला मानला. कारण एवढंच, की त्यांच्या जर्सीचा रंग आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा. आबा त्या तालमीकडून बारा वर्षं डावा बॅक खेळले. दिवसभर एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी आणि संध्याकाळी ग्राउंड. पुढं गुडघे गेले, नोकरी संपली, आई गेली. पण शनिवारी टीव्हीसमोरची उजवी खुर्ची त्यांची, डावी माझी आणि मध्ये भाजक्या शेंगांचं ताट, यात कधी बदल झाला नाही.

त्या मोसमात आम्ही सुरुवातीपासून वरच्या नंबरात होतो. मग एका शनिवारी आबांना देवळातून यायला उशीर झाला. ते उंबऱ्यात चपला काढत होते आणि तिकडं आमच्या गोलकिपरच्या हातातून अगदी साधा चेंडू निसटला. त्या गोलवर आम्ही हरलो.

"आलासा व्हय आबा," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो, पण कसं म्हणालो ते मला माहीत आहे.

पुढच्या शनिवारी ते वेळेवर येऊन बसले. पुन्हा हरलो. तिसऱ्या शनिवारी मी मुद्दाम परीक्षा घेतली. मॅच सुरू होताना त्यांना शेंगा आणायला कोपऱ्यावर पाठवलं. ते बाहेर असताना आमचा गोल झाला. ते शेंगांची पुडी घेऊन आत आले, बसले आणि आमच्यावर दोन गोल झाले. माझ्या लेखी निकाल लागला होता.

"चेंडू इंग्लंडात, आबांचा पाय कोल्हापुरात," बायको म्हणाली. "तुम्ही शिकलेले आहात ना?"

मी शिकलेला आहे. कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं काढली आहेत. तरी चौथ्या शनिवारी सकाळी मी आबांना म्हणालो, "आत्तीकडं लई दिवसात गेला न्हाईसा."

आत्ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण. गडहिंग्लजला एकटीच असते. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग बंद टीव्हीकडं.

"आमच्या टायमाला बी असा एक हुता," ते म्हणाले. "आम्ही त्येला ग्राउंडाच्या गेटावरनंच माघारी धाडायचो. पुढं पुढं त्यो यायचाच बंद झाला."

एवढं बोलून त्यांनी पिशवी भरली. दुपारच्या आत ते एस.टी.त होते आणि संध्याकाळी आम्ही तीन गोलनं जिंकलो.

मग तेच चालू झालं. शनिवारी सकाळी आबा जायचे, रविवारी परत यायचे आणि आम्ही जिंकत राहिलो. रविवारी चहा घेताना ते विचारायचे, "काय झालं काल?" मी रंगवून सांगायचो. ते असं ऐकायचे की जणू रामायण पहिल्यांदाच कानावर पडतंय.

एकदा मी असाच एक गोल सांगत होतो. मध्येच ते म्हणाले, "डाव्या पायानं मारला न्हवं?"

कुठल्या पायानं हे मी सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पेपरात हाय की."

त्या दिवसाचा पेपर घडी न मोडता माझ्या मांडीवर होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या शनिवारी ऐन मॅचमध्ये मी आत्तीला फोन लावला. निमित्त आबांच्या बीपीच्या गोळीचं. "घेतली की गोळी, बरा हाय दादा," आत्ती म्हणत होती आणि तिच्या मागून आबांचा आवाज आला, "गोल! गोल रं!" मी टीव्हीकडं बघितलं. आमच्याकडं तर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता. आमचा टीव्ही इंटरनेटवरचा, अर्धा मिनिट मागं चालणारा. आत्तीकडं डिश. अर्ध्या मिनिटानं माझ्यासमोर तो गोल झाला.

म्हणजे आबा दर शनिवारी मॅच बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आम्ही जिंकत होतो. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, हे खरं सांगतो. मी हिशोब केला, की आबांचा पाय कोल्हापुरात वाईट असेल पण गडहिंग्लजात चांगला आहे, तर त्यांना तिथंच राहू द्यावं. आणखी एक शंका आली होती. हरलो त्या तिन्ही दिवशी टीव्हीसमोर आबांशिवाय आणखी एक माणूस होता, मी. ती शंका मी गिळून टाकली.

शेवटचा सामना रविवारी आला. जिंकलो तर लीग आमची. आबा शनिवारीच गेले होते.

"तुम्ही जिंकताय ते ठीक," बायको म्हणाली. "पण किती आठवडे झाले, शनिवारी त्यांचं ताट मांडलं नाही मी."

मी एस.टी. पकडली. निम्मा आबांसाठी गेलो आणि निम्मा तिथं आबांची खुर्ची कशी ठेवली आहे ते बघायला. खोटं कशाला बोलू?

आत्तीच्या दारात पोचलो तेव्हा मॅच नुकतीच सुरू झाली होती. आत आबा उजव्या खुर्चीत, शेजारी आत्ती, मध्ये शेंगांचं ताट. मी आत पाय टाकणार तोच आत्ती उठली.

"तू आणि आज कशाला आलास? हितं समद्या म्याच जिंकल्यात आमी. भाइर कट्ट्यावर बस."

मी हसलो. ती हसली नाही. आबा टीव्हीकडंच बघत राहिले. मी कट्ट्यावर जाऊन बसलो.

बाहेरून मॅच ऐकणं फार वाईट. गर्दी ओरडते, पण कुणाची ते कळत नाही. प्रत्येक ओरड्याला मी मान वळवत होतो आणि दाराच्या पडद्याशिवाय काही दिसत नव्हतं. गेटावरून माघारी धाडलेला तो माणूस मला आठवला. त्याचं नावही मी आबांना विचारलं नव्हतं. मला मनापासून घरी जावंसं वाटलं.

बऱ्याच वेळानं पडदा हलला. आबा गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आले होते.

"शून्य शून्य हाय," ते म्हणाले. "चल आत."

"आबा, आत्ती म्हणतीया..."

"म्हणू दे. हरलो तर हरलो. तिला परत्येक गोल समजावून सांगायचा म्हंजे लई ताप हाय. गोल झाल्यावर ज्याच्याकडं बघावं असा कोण तरी जाणता पायजे का नको?"

मी आत गेलो. आत्तीनं नाक मुरडत डावी खुर्ची सोडली आणि दुसरी ओढून घेतली. आबांनी मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. शेवटची पाच मिनिटं उरली असतील. कॉर्नरवरून एक चेंडू हळू उंच आला, आमच्या गोलकिपरनं तो दोन्ही हातांत घेतला आणि तो निसटला.

लीग गेली. आत्ती खुर्चीसकट माझ्याकडं वळली. मी दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडं बघत बसलो.

आबांनी एक शेंग फोडली. "त्येच्याकडं काय बघतीस?" ते तिला म्हणाले. "त्येनं काय केलं? गोलकिपरच्या हातनं सुटला."

त्या पहिल्या शनिवारी, आबा उंबऱ्यात चपला काढत असताना, एवढंच मी म्हणायला हवं होतं.